ब्लड कॅन्सरची फाईल हातात आली की पुढे काय : उपचार ठरवताना पेशंटनेही खुर्ची ओढून बसायचं

२०१५ च्या जूनमध्ये माझ्या सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या तपासणीत, पांढऱ्या पेशी १ लाख ८० हजार आल्या आणि लॅबवाल्याने फोन मला नाही, मिस्टरांना केला. पुढचे दहा दिवस सगळे माझ्याबद्दल बोलत होते, माझ्याशी कोणीच नाही. मिस्टर, मोठे दीर आणि माझा भाऊ केबिनमध्ये, आणि मी बाहेर बाकड्यावर पाण्याची बाटली मांडीवर घेऊन. मला सांगितलं होतं रक्तात इन्फेक्शन आहे. खरं कळलं ते वॉर्डातल्या मावशींकडून, त्यांनी लादी पुसता पुसता सहज विचारलं, ताई तुम्हाला कुठला कॅन्सर?

मला सीएमएल आहे, म्हणजे क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, रक्ताच्या कॅन्सरचा एक सावकाश वाढणारा प्रकार. दहा वर्षं झाली, रोजची गोळी चालू आहे, कराडहून मुंबईला ओपीडीसाठी येणं-जाणं चालू आहे. ओपीडीच्या रांगेत नवीन माणसं भेटतात आणि तेच तेच विचारतात म्हणून एकदा सगळं लिहून काढते. मी डॉक्टर नाही, त्यामुळे कुठली ट्रीटमेंट घ्या हे इथे मिळणार नाही. ती ठरवताना तुम्ही कुठे बसायचं आणि काय बोलायचं, एवढंच.

एक गोष्ट आधीच सांगते कारण आमच्या घरातच यावरून गैरसमज झाला होता. निर्णयात भाग घेणं म्हणजे गूगल वाचून डॉक्टरांची परीक्षा घेणं नाही. आजार त्यांना कळतो, आपल्याला नाही. पण तुम्ही तिसऱ्या मजल्यावर राहता आणि लिफ्ट नाही, तुम्ही रात्रपाळी करता, तुम्हाला अजून मूल हवंय, तुमच्या गावापासून रक्तपेढी अडीच तास लांब आहे, हे त्यांना कुठून कळणार? ते तुम्ही सांगितल्याशिवाय निम्मी माहिती टेबलावर येतच नाही.

पहिलं : केबिनमध्ये पेशंट पाहिजे

आपल्याकडे 'बाबांना सांगू नका, खचतील' हे प्रेमापोटीच होतं, मान्य. पण बाबांना दर तीन आठवड्यांनी सलाईन लागणार, केस जाणार, वॉर्डाच्या दारावर कॅन्सरचा बोर्ड असणार, त्यांना कळत नाही असं थोडंच आहे. त्यांना कळतं आणि तेही आपल्यासाठी गप्प बसतात. मग उलट्या होतायत, पाय सुन्न पडतायत, हे पण सांगत नाहीत.

कायदाही पेशंटच्या बाजूने आहे. २००८ साली सुप्रीम कोर्टाने दिल्लीच्या एका केसमध्ये स्पष्ट सांगितलं की पेशंट बाई सज्ञान असेल, भुलीतून थोड्या वेळात शुद्धीवर येणार असेल आणि जिवावर बेतलेलं नसेल तर तिच्या आईची सही तिच्या संमतीच्या जागी चालत नाही, आणि तपासणीला दिलेली संमती म्हणजे उपचाराला दिलेली संमती नव्हे. उपचार काय, कशासाठी, दुसरे पर्याय कोणते, धोके कोणते, हे डॉक्टरांनी सांगायला पाहिजे. नवऱ्याची, मुलाची सही ही आपली रीत आहे, कायदा नाही.

नातेवाईक असाल तर थेट बातमी अंगावर टाकायची गरज नाही. आधी विचारा, 'रिपोर्टबद्दल तुम्हाला किती जाणून घ्यायचंय?' काही जण म्हणतात सगळं सांग. माझे एक चुलत सासरे म्हणाले होते, 'आकडे मला नकोत, पोरीला सांगा, मला फक्त कधी यायचं ते सांगा.' हाही निर्णयच आहे आणि तो त्यांनी स्वतः घेतला. फरक तेवढाच.

आणि पेशंट तुम्ही असाल तर डॉक्टरांना एकच वाक्य : 'मला स्वतःला सांगा, मी ऐकायला तयार आहे.' मी दहाव्या दिवशी हे म्हटलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं, खुर्ची माझ्याकडे वळवली. तोपर्यंत ते भावाकडे बघून बोलत होते.

दुसरं : आजाराचं पूर्ण नाव लिहून घ्या

ब्लड कॅन्सर हे आडनाव झालं, नाव नव्हे. ल्युकेमिया, लिम्फोमा, मायलोमा ही तीन मोठी घराणी आणि प्रत्येकात कितीतरी प्रकार, एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही. शेजारच्या काकूंना अमुक इंजेक्शन दिलं मग आम्हाला का नाही, याचं उत्तर बहुतेक वेळा इथेच असतं.

डॉक्टरांकडूनच कागदावर लिहून घ्या, इंग्रजी स्पेलिंगसकट. बोन मॅरोच्या (हाडातल्या मगजाच्या) रिपोर्टसोबत फ्लो सायटोमेट्री (पेशी कुठल्या प्रकारच्या), सायटोजेनेटिक्स (गुणसूत्रांतले बदल), पीसीआर (बिघडलेला जीन आहे का, किती आहे) असे वेगळे रिपोर्ट येतात आणि ते वेगवेगळ्या दिवशी येतात, कोणता यायचा बाकी आहे ते विचारा. माझ्या बाबतीत बीसीआर-एबीएल नावाचा बिघडलेला जीन सापडला आणि त्यावरच गोळी ठरली. लोक पहिला प्रश्न विचारतात कितवी स्टेज. छातीच्या कॅन्सरसारखी पहिली-दुसरी-तिसरी स्टेज ल्युकेमियात बहुतेक नसतेच, तिथे जीन्समधले बदल, वय, पेशींची संख्या यावरून रिस्क ठरवतात. म्हणून 'कितवी स्टेज' ऐवजी 'माझी रिस्क कुठली आणि कशावरून' असं विचारा.

तिसरं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं : माझ्याकडे वेळ किती आहे?

हा प्रश्न कोणी विचारत नाही. घाई नसते तिथे लोक रातोरात जमीन विकायला निघतात आणि घाई असते तिथे पत्रिका दाखवत बसतात.

अक्यूट, म्हणजे झपाट्याने वाढणारा ल्युकेमिया असेल, एएमएल किंवा एएलएल, तर हिशोब दिवसांचा असतो. त्यातही एपीएल म्हणून एक प्रकार आहे, त्यात रक्तस्रावाचा धोका इतका असतो की नुसता संशय आला तरी पक्का रिपोर्ट यायच्या आधी एट्रा नावाच्या गोळ्या सुरू करतात. आणि गंमत म्हणजे वेळेवर सुरू झालं तर एट्रा आणि आर्सेनिक या जोडीवर हाच आजार सगळ्यात चांगला बरा होणाऱ्यांपैकी आहे. अशा वेळी सेकंड ओपिनियनसाठी तीन शहरं फिरायची नसतात. ॲडमिट व्हा, प्रश्न पलंगावरून विचारा.

उलट सीएलएल, फॉलिक्युलर लिम्फोमा, स्मोल्डरिंग मायलोमा यांसारख्या हळू वाढणाऱ्या प्रकारांत कित्येकदा डॉक्टर म्हणतात आत्ता काहीच द्यायचं नाही, दर तीन महिन्यांनी रक्त बघू. घरच्यांना वाटतं डॉक्टरांनी हात वर केले. तसं नाहीये, लक्षणं नसताना आधी केमो देऊन आयुष्य वाढत नाही म्हणून थांबतात, ती पण ट्रीटमेंटच आहे. फक्त कुठलं लक्षण दिसलं की थांबणं संपलं हे विचारून ठेवा. रात्री कपडे बदलावे लागतील इतका घाम, कारण नसताना वजन उतरणं, वाढत्या गाठी, असं काहीतरी सांगतील.

माझ्यासारख्या सीएमएलवाल्यांना बहुतेक वेळा थोडे दिवस मिळतात. त्या दिवसांत काय करायचं ते पुढे.

चौथं : फाईल तुमची आहे

सगळ्या रिपोर्टच्या झेरॉक्स, तारखेप्रमाणे, सगळ्यात नवीन वर. मोबाईलमध्ये फोटो वेगळे. बोन मॅरोच्या स्लाईड्स आणि गाठीचा तुकडा घेतला असेल तर त्याचा ब्लॉक (मेणात जपून ठेवलेला तुकडा) पण मागून घेता येतो, दुसरीकडे दाखवायला तोच लागतो, नुसता रिपोर्ट पुरत नाही. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांत लिहिलंय की पेशंटने रेकॉर्ड मागितलं तर ७२ तासांत द्यायचं. मला एका ठिकाणी 'साहेब आल्यावर बघू' असं चार वेळा ऐकावं लागलं, पाचव्या वेळी लेखी अर्ज दिला आणि दुसऱ्या प्रतीवर पोच मागितली, संध्याकाळी कागद हातात. तोंडी मागू नका, अर्ज द्या.

सेकंड ओपिनियन घेतलं तर डॉक्टर रागावतील ही भीती सगळ्यांना असते. चांगला डॉक्टर रागवत नाही, आणि रागावला तर तेही कळलं ना. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ मध्ये रुग्ण हक्कांची सनद तयार केली त्यात दुसरं मत घेण्याचा हक्क आहे, आणि महाराष्ट्रात २०२१ च्या नर्सिंग होम नियमांनुसार अशी सनद दवाखान्यात लावायची असते, भिंतीवर शोधा, कधी कधी फ्रीजच्या मागे असते. मत घ्यायचं ते हिमॅटॉलॉजिस्टचं, म्हणजे रक्ताच्या आजारांच्या डॉक्टरचं, किंवा रक्ताच्या कॅन्सरचं काम रोज करणाऱ्याचं. परळचं टाटा मेमोरियल आणि खारघरचं टाटाचंच ॲक्ट्रेक सगळ्यांना माहीत आहे, पण प्रत्येकाला तिथे जाणं जमत नाही. टाटाच्या पुढाकाराने २०१२ मध्ये नॅशनल कॅन्सर ग्रिड झालं, देशभरातली कॅन्सर हॉस्पिटलं त्यात आहेत, त्यांच्याबरोबर 'नव्या' (Navya) नावाची ऑनलाइन सेवा चालते, तिथे रिपोर्ट अपलोड करून तज्ज्ञांचं मत मिळतं. दोन मतं पुरे. पाच घेतलीत तर पाच उत्तरं येतील आणि डोकं फिरेल.

पाचवं : तुमची बाजू मांडा

हे थोडं लांबणार आहे.

सीएमएलचं उदाहरण घेते कारण ते मला आतून माहीत आहे. पहिल्या गोळीला, म्हणजे इमॅटिनिबला, पर्याय आहेत, डॅसॅटिनिब, निलोटिनिब वगैरे. कागदावर सगळ्या गोळ्याच. पण निलोटिनिब दिवसातून दोनदा आणि उपाशीपोटी, आधी दोन तास आणि नंतर एक तास काही खायचं नाही. आता एखादा एसटीचा ड्रायव्हर ज्याची जेवायची वेळच ठरलेली नाही त्याला हे कसं जमणार? शिवाय ती हार्टला आणि शुगरला त्रास देऊ शकते, तर हार्टवाल्याने आधीच सांगायला हवं. डॅसॅटिनिबने काही जणांच्या फुफ्फुसाभोवती पाणी होतं, तर आधीच दम लागणाऱ्याने ते सांगायला हवं. इमॅटिनिब जेवणाबरोबर मोठा ग्लास भरून पाण्यासोबत, नाहीतर मळमळ, डोळ्यांखाली सूज येते, पोटऱ्यांत गोळे येतात. यातलं कुठलं तुम्हाला चालेल हे तुमच्या दिवसावर ठरतं, आणि तुमचा दिवस तुम्हालाच माहीत.

मायलोमाचे एक काका होते आमच्या ओळखीचे, शिंपी. त्यांना बोर्टेझोमिब इंजेक्शन चालू होतं. बोटांना मुंग्या यायला लागल्या, बोलले नाहीत, औषध बंद करतील या भीतीने. मुलीला संशय आला तो काका सुईत दोरा ओवायला नातवाला बोलवायला लागले तेव्हा. डॉक्टरांना सांगितल्यावर त्यांनी आठवड्यातून दोनदाचं इंजेक्शन एकदा केलं, डोस कमी केला. तोपर्यंत उशीर झाला होता, मुंग्या पूर्ण गेल्या नाहीत. 'मी शिंपी आहे, माझी बोटं म्हणजे माझी भाकरी' हे पहिल्या दिवशी बोलले असते तर डॉक्टर पहिल्या दिवसापासून बोटांकडे लक्ष ठेवून राहिले असते.

मुलांचा विषय. तरुण पेशंट असेल, लग्न झालेलं असो नसो, केमो सुरू व्हायच्या आधी विचारा : पुढे मूल होण्यावर परिणाम होईल का? पुरुषांसाठी वीर्य गोठवून ठेवणं एक-दोन दिवसांचं काम आहे, बायकांचं बीज गोठवायला साधारण दोन आठवडे लागतात म्हणून तर वेळ किती आहे हे आधी विचारायचं. हा विषय डॉक्टर काढतीलच असं नाही, आईवडिलांसमोर मुलगा काढणार नाही, तेव्हा नातेवाईकांनी पाच मिनिटं चहाला बाहेर जावं. माझी मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. गोळी चालू असताना गरोदर राहायचं नाही हे मला कळलं, पण दुसरं मूल हवंय का हे मला कोणीच विचारलं नाही, मीच तिसऱ्या वर्षी विचारलं. तेव्हा कळलं की पीसीआरचा रिपोर्ट काही वर्षं अगदी खाली राहिला तर देखरेखीखाली गोळी थांबवून प्रयत्न करता येतो. आम्ही दोघांनी विचार करून नको म्हटलं. पण आम्ही म्हटलं, ते महत्त्वाचं आहे माझ्यासाठी.

आणि अंतर. केमोनंतर पांढऱ्या पेशी पडतात तेव्हा १००.४ फॅरेनहाइट ताप म्हणजे इमर्जन्सी, पॅरासिटामॉल घेऊन सकाळची वाट बघायची नाही, लवकरात लवकर अँटिबायोटिकचं सलाईन लागतं. आता तुमचं गाव जर हॉस्पिटलपासून सहा तासांवर असेल तर घरी सोडायचं की जवळ ठेवायचं हा उपचाराचाच प्रश्न झाला. डॉक्टरांना गावाचं नाव सांगू नका, त्यांना भूगोल पाठ नसतो, तास सांगा. मुंबईत राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळला नाना पालकर स्मृती समिती, लहान मुलांसाठी सेंट ज्यूड, ही नावं हॉस्पिटलच्या सोशल वर्करकडे असतात, जागा मिळायला थांबावं लागतं म्हणून पहिल्याच दिवशी त्यांना भेटा.

जाताना प्रश्न वहीत लिहून न्या, तीनच, जास्त नाही, ओपीडीत मागे साठ जण उभे असतात. मी विचारते ते असं : या उपचाराने आपण काय मिळवायला बघतोय, बरं होणं की आजार दाबून ठेवणं? दुसरा पर्याय कुठला आणि तुम्ही तो का नको म्हणताय? काही केलं नाही तर काय होईल? उत्तरं लिहायला कोणीतरी सोबत न्या, आपलं डोकं 'कॅन्सर' शब्दानंतर बंद पडलेलं असतं. डॉक्टरांना विचारून मोबाईलवर रेकॉर्ड करता आलं तर उत्तमच. शेवटी तुम्हाला कळलेलं तुमच्या शब्दांत परत सांगा, 'म्हणजे डॉक्टर, असं ना?' निम्मे घोळ इथेच सापडतात.

बोन मॅरो ट्रान्सप्लांटचं नाव निघालं तर

आधी विचारा, स्वतःच्या पेशींचा की दुसऱ्याच्या? मायलोमात बहुतेक स्वतःच्याच पेशी काढून, मोठा केमो देऊन परत देतात, तो आत्ता करायचा की पेशी साठवून पुढे ढकलायचा यावर चर्चा होऊ शकते. दुसऱ्याच्या पेशींचा असेल तर प्रकरण वेगळं. एका सख्ख्या भावंडाशी एचएलए (पेशींवरच्या ज्या खुणा जुळाव्या लागतात त्या) पूर्ण जुळण्याची शक्यता २५ टक्के, आईवडील किंवा मुलं अर्धी जुळतात आणि आता अर्ध्या जुळणीवरही ट्रान्सप्लांट होतात. नंतर नवीन पेशी आपल्याच शरीरावर उलटू शकतात, त्याला जीव्हीएचडी म्हणतात, आणि पहिले साधारण शंभर दिवस हॉस्पिटलजवळ राहावं लागतं, सोबत एक माणूस पूर्णवेळ. तो माणूस कोण? हे ठरवल्याशिवाय हो म्हणू नका. आणि भावाला रक्त तपासायला सांगताना सगळ्या घरासमोर सांगू नका, त्याला नाही म्हणायची जागा ठेवा.

सीएआर-टी, म्हणजे पेशंटच्याच प्रतिकारशक्तीच्या पेशी लॅबमध्ये बदलून परत देण्याचा उपचार, याबद्दल व्हॉट्सॲपवर खूप फिरतं. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून तयार झालेल्या भारतीय सीएआर-टीला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली, खरंय, पण ती बी-पेशींच्या (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) काही लिम्फोमा आणि ल्युकेमियात, आजार उलटला किंवा औषधाला दाद देत नसला तर. माझ्या दिरांनी मला तीन वेळा फॉरवर्ड केलं, सीएमएलसाठी नाहीये ते.

पैशाचं बोला, लाजू नका

झेपत नसलेली ट्रीटमेंट अर्ध्यात सोडण्यापेक्षा झेपणारी पूर्ण करणं बरं, आणि ते डॉक्टरांना कळायला तुम्ही सांगायला पाहिजे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, पण मंजुरी उपचाराआधी घ्यायची, बिल झाल्यावर नाही. धर्मादाय हॉस्पिटलात १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत असतात, उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड खिशात ठेवा. कॅन्सर पेशंटला रेल्वेत सवलत आहे, फॉर्मवर हॉस्पिटलचा सही-शिक्का लागतो. जेनेरिक आहे का हे विचारायचंच. इमॅटिनिबची मूळ कंपनीची गोळी एके काळी महिन्याला लाखाच्या वर होती, १ एप्रिल २०१३ ला सुप्रीम कोर्टाने त्या कंपनीला पेटंट नाकारलं आणि भारतीय कंपन्यांच्या गोळ्या चालू राहिल्या, माझ्यासारख्या बाईला दहा वर्षं ती परवडली ती त्यामुळे.

सही करण्याआधी

फॉर्म इंग्रजीत असेल तर मराठीत मागा, नसेल तर वाचून समजावून सांगायला सांगा. कोरी जागा असलेल्या फॉर्मवर सही नाही. क्लिनिकल ट्रायलसाठी, म्हणजे नव्या उपचाराच्या चाचणीसाठी, विचारलं तर फॉर्म घरी न्या, नाही म्हणालात तरी नेहमीचा उपचार बंद होत नाही, आणि मध्येच बाहेरही पडता येतं.

लपवू नका, दोन्ही बाजूंनी

गोळ्या बुडवणं हा पण एक निर्णयच आहे, फक्त चोरून घेतलेला. मी दुसऱ्या वर्षी गणपतीत पंधरा दिवस गोळी घेतली नाही, मोदक करायला उभं राहवत नव्हतं, आणि पुढचा पीसीआर वर गेला. डॉक्टर औषध बदलायच्या विचारात होते. तेव्हा रडत सांगितलं. ते रागावले नाहीत, गोळीची वेळ रात्रीच्या जेवणानंतर केली, पोटऱ्यांत गोळे येत होते त्यासाठी कॅल्शियम-मॅग्नेशियम तपासलं, झालं.

तसंच काढ्यांचं. गुळवेल, कुठलं तरी चूर्ण, गोमूत्र, जे काही घेताय ते सांगा. लिव्हरचे आकडे वाढले तर डॉक्टर कॅन्सरच्या गोळीवर संशय घेणार आणि तीच थांबवणार, खरा चोर काढ्यात बसलेला असला तरी. पपनसही विचारून खा, काही गोळ्यांचं रक्तातलं प्रमाण त्याने वाढतं.

आणि नको म्हणायची वेळ

आजार पुन्हा पुन्हा उलटला, वय झालं, तर पुढची केमो नको म्हणणं हाही हक्क आहे. तेव्हा पॅलिएटिव्ह केअरची टीम मागा, वेदना, दम, झोप यांचं औषध त्यांच्याकडे असतं, आणि खरं तर ती आधीपासून केमोबरोबरही घेता येते. व्हेंटिलेटरवर ठेवायचं की नाही हे आधीच लिहून ठेवायला सुप्रीम कोर्टाच्या २०१८ च्या निकालाने परवानगी आहे, २०२३ मध्ये पद्धत सोपी केली, आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून करता येतं. आमच्याकडे हा विषय काढला की सासूबाई 'शुभ बोल गं' म्हणतात. मी लिहून कपाटात ठेवलंय, कुठे ते मिस्टरांना माहीत आहे.

सध्या माझ्यापुढे वेगळाच प्रश्न आहे. पीसीआर गेली कित्येक वर्षं अगदी खाली आहे, डॉक्टर म्हणाले हवं तर गोळी थांबवून बघू. थांबवणाऱ्यांपैकी साधारण निम्म्या लोकांचं परत वर येतं, बहुतेकांचं पहिल्या सहा महिन्यांत, आणि गोळी परत सुरू केली की जवळजवळ सगळ्यांचं खाली येतं. पण त्यासाठी पहिले सहा महिने दर महिन्याला पीसीआर, म्हणजे दर महिन्याला मुंबई, आणि मुलीची यंदा नववी आहे. मी म्हटलं दहावी होऊ दे. डॉक्टरांनी फाईलवर तसंच लिहिलं, 'पेशंटशी चर्चा केली, सध्या गोळी चालू', आणि पुढची तारीख दिली.